छोट्या खनिज-शोध कंपनीचं ऑपरेटिंग मार्जिन उणे 900 टक्के आहे, शेअर विकावा का?

फक्त त्या आकड्यावरून अजिबात विकू नका. हे मार्जिन म्हणजे विक्रीतून खर्च वजा जाता जे उरतं, त्याची विक्रीशी टक्केवारी. विक्री 10 लाख आणि खर्च 1 कोटी, की झालं मार्जिन उणे 900. पुढच्या वर्षी खर्च तेवढाच राहिला आणि दुसऱ्या कुणाचं ड्रिलिंग करून देऊन 20 लाख आले, की तेच उणे 400. जमिनीखाली काय आहे ते मात्र या दोन्ही आकड्यांना माहीत नाही.

मी भुसावळचा, अशाच एका कंपनीत भूवैज्ञानिक होतो. आपल्या खान्देशात खाली बेसॉल्टच, त्यामुळे तांबं शोधायला आम्ही चंद्रपूरकडे कॅम्प टाकला होता. ड्रिलिंगमधून निघालेला कोअर, म्हणजे दगडाचा लांब दंडगोल, पेटीत ओळीने लावायचा, त्यावर मीटर रंगवायचे, उभा चिरून अर्धा लॅबला पाठवायचा, अर्धा पेटीतच ठेवायचा. एका बोअरमध्ये क्वार्ट्झच्या शिरेत पितळी रंगाचं चाल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज, दिसलं. ओला कोअर उन्हात धरला की डोळ्यांत भरायचं. ती शीर खाली किती जाते हे बघायला बाजूला आणखी बोअर घ्यायला हवी होती. नेमकं तेव्हाच संचालकांनी तोटा कमी करायचा म्हणून रिग, म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र, परत पाठवली.

तोटा कमी झालाच. जळगावला कर सल्लागार असलेले आमचे साडूभाऊ लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, आता कंपनी रुळावर आली." मी तिथंच सांगितलं की काम बंद पडलंय म्हणून तोटा कमी दिसतोय. कुणाला पटलं नाही. पुढे 2021 च्या खाणकायदा दुरुस्तीत जुन्या परवानाधारकांचे प्रलंबित हक्क संपले, त्यात आमचाही गेला. ती शीर तशीच राहिली.

शोध कंपनीत ड्रिलिंगचा खर्च हेच काम असतं. साडूंची स्वतःची रावेरला केळीची बाग आहे. लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्षभर ठिबक, खत, मजुरी चालूच, हातात रुपया नाही. तेव्हा बागेचं मार्जिन कुणी काढतं का?

तुम्ही रोकड किती उरली आणि दर महिन्याला किती जाते ते बघा. गेलेल्या पैशातला किती बोअरवर लागला आणि किती ऑफिस-पगारात, हे त्याहून महत्त्वाचं. नवे शेअर काढून तुमचा हिस्सा किती पातळ झाला तेही तपासा. हिशोबाच्या टिपा वाचल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करू नका, कारण इंड एएस 106 या भारतीय हिशोब-मानकाप्रमाणे शोधखर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात ठेवता येतो. तसं करणाऱ्या कंपनीचा तोटा कमी दिसतो, पैसा मात्र तेवढाच गेलेला असतो.

एक आहे, केळीला घड येतो, शोधलेल्या बहुतेक जागांची खाण कधीच होत नाही. आणि ड्रिलिंग चालू आहे म्हणजे सगळं खरं, असंही नाही. इंडोनेशियातल्या बुसांगच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, ते 1997 मध्ये उघड झालं आणि ब्री-एक्स ही कॅनडाची कंपनी बुडाली. घरखर्चाचा पैसा यात घालू नका.

पण कुणी जाणकार नातेवाईक टक्केवारी दाखवून विकायला सांगत असेल, तर त्या वर्षी कंपनीने किती मीटर ड्रिलिंग केलं, एवढं त्यांना आधी विचारा. आमच्या साडूंना ते आजही सांगता येत नाही.