नर्सताईंना विचारा : एलपीएन आधी, की थेट आरएन?

ताई, नमस्कार. आम्ही एडिसनला राहतो. मी शिवाजी विद्यापीठाची बी.ए., वय ३६. ग्रीन कार्ड आल्यावर सीएनएचा, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचा कोर्स केला आणि आता एका नर्सिंग होममध्ये काम करते. पाठ भरून येते, पण काम आवडतं. इथल्या नर्स म्हणतात, वर्षभरात एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, आरएनच्या खालची पायरी) हो, मग नोकरी करत करत आरएन (रजिस्टर्ड नर्स) कर. मिस्टर म्हणतात, एकाच कामासाठी दोनदा कशाला शिकायचं? मुलं सात आणि दहा वर्षांची आहेत. काय करू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुझ्या मिस्टरांचं गणित चुकीचं नाही, फक्त त्यात घरभाडं धरलेलं नाही. थेट आरएन म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षांची असोसिएट डिग्री, हे ऐकायला छान वाटतं. पण त्या दोन वर्षांच्या आधी अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, इंग्रजी कॉम्पोझिशन एवढं उरकावं लागतं. मग प्रवेश परीक्षा, आणि ती झाली तरी बऱ्याच कॉलेजांत जागेसाठी थांबावं लागतं. नोकरी आणि मुलं सांभाळत हे करणाऱ्या बाईची चार वर्षं सहज जातात, आणि तोवर पगार सीएनएचाच. एलपीएन दिवसाच्या वर्गाला साधारण वर्षभरात होतं, संध्याकाळच्या वर्गाला दीड-दोन वर्षं लागतात. सरकारी आकडेवारीत मे २०२४ मध्ये एलपीएनचा मधला वार्षिक पगार ६२ हजार डॉलरच्या आसपास होता आणि आरएनचा ९३ हजारांच्या पुढे. न्यू जर्सीत दोन्ही याहून जास्त मिळतात, पण इथली घरंही तशीच महाग.

मी स्वतः याच वाटेने गेले. संध्याकाळचे वर्ग करून एलपीएन, मग नर्सिंग होममध्ये तीन ते अकराची पाळी, मग ब्रिज, म्हणजे एलपीएनवरून आरएन होण्याचा अभ्यासक्रम, करून आरएन आणि हॉस्पिटल. तरी ‘कर’ म्हणण्याआधी एक अट घालते : एलपीएनला नाव घालायच्या आधी आरएनचं कॉलेज ठरव. त्यांच्या नर्सिंग विभागात जाऊन विचार, की एलपीएन होऊन आले तर माझं काय काय सुटेल?

कारण आपल्याकडे एलपीएनचे बरेच वर्ग काउंटीच्या व्होकेशनल शाळांत चालतात. तिथे शिकवणं उत्तम असतं, पण हिशेब तासांचा असतो, कॉलेज क्रेडिटचा नाही. तिथलं अ‍ॅनाटमी तू कितीही चांगलं केलंस तरी कॉलेज म्हणतं, आमच्याकडचं पुन्हा कर. साधारणपणे ब्रिजमध्ये सुटतो तो नर्सिंगचा पहिला एक कोर्स किंवा फार तर पहिलं सेमिस्टर. त्याच्या बदल्यात एक ट्रान्झिशन कोर्स करावा लागतो, प्रॅक्टिकलची परीक्षा द्यावी लागते आणि औषधांच्या मात्रांच्या गणिताची एक चाचणी असते, जिच्यात नव्वद टक्क्यांच्या खाली कोणी विचारत नाही. विज्ञानाचे विषय मात्र एकही सुटत नाहीत. म्हणून एलपीएन झाल्या झाल्या, पहिला पगार हातात आला की एका वेळी एक असे ते विषय कम्युनिटी कॉलेजातून काढायला लाग. फार आधीही नको, कारण बरीच कॉलेजं पाच-सात वर्षांपूर्वीचं विज्ञान धरत नाहीत. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी एलपीएनवरच थांबल्या. हुशारी कमी नव्हती कुणाची. पगार सुरू झाला, गाडी घेतली, ओव्हरटाइमची सवय लागली आणि अ‍ॅनाटमी राहून गेलं.

आता काम. एलपीएनला हॉस्पिटलमध्ये जागा कमी. नर्सिंग होम, असिस्टेड लिव्हिंग, डॉक्टरांची क्लिनिकं, घरी जाऊन सेवा, ही तिची खरी ठिकाणं. नर्सिंग होममध्ये एका पाळीत पंचवीस-तीस जणांची औषधांची गाडी तुझ्या हाती येते. गोळ्या कुटून अ‍ॅपलसॉसमध्ये कालवायच्या, बोट टोचून साखर बघायची, इन्सुलिन, ड्रेसिंग, पोटातल्या नळीतून फीड, आणि मध्येच कोणाची तरी मुलगी फोनवर. एडिसनच्या बाजूला आपली माणसंही बरीच. एक गुजराती बा कॅप्सूल तोंडातून परत काढून ठेवायच्या. जिलेटिन कशाचं बनतं ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांना फोन करून ऑर्डर गोळीवर, नाहीतर पातळ औषधावर बदलून घ्यायची, हे एलपीएनचंच काम. हे सगळं आरएन झाल्यावर उपयोगी पडतं. माझ्या आरएनच्या वर्गात थेट आलेल्या मुली इंजेक्शनच्या दिवशी घामाघूम व्हायच्या, आम्ही एलपीएन निवांत असायचो.

पण परीक्षेत हाच अनुभव आडवा येतो, आणि हे तुला आधी कोणी सांगणार नाही. एलपीएनच्या परवान्याची परीक्षा एनक्लेक्स-पीएन, आरएनची एनक्लेक्स-आरएन. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात दोन्हींना ८५ ते १५० प्रश्न आणि पाच तास. आकडे सारखे, पण विचार वेगळा. एलपीएनला आपण शिकतो : निरीक्षण कर, नोंद कर, बदल दिसला तर आरएनला कळव. आरएनच्या परीक्षेत कळवायला वर कोणी नसतं, कारण ती आरएन तूच. चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जायचं, कोणतं काम एलपीएनला द्यायचं, कोणतं सीएनएला, आणि पहिली संपूर्ण तपासणी कोणालाच का द्यायची नाही, असे प्रश्न. जुन्या एलपीएनचा हात सवयीने ‘सुपरवायझरला कळवा’ या पर्यायावर जातो. ब्रिजच्या पहिल्या आठवड्यापासून हे मोडायला लाग.

पैशांचं. एफएएफएसए, म्हणजे शिक्षणासाठी सरकारी मदतीचा अर्ज भर, ग्रीन कार्डवर चालतं. पण तुझ्या बी.ए.कडे नीट बघ. पेल ग्रँट (परत न फेडायची सरकारी मदत) पहिली पदवी न मिळालेल्यांसाठीच असते, आणि परदेशातली पदवीही त्यात धरतात. तुझी तीन वर्षांची बी.ए. अमेरिकन पदवीइतकी मानायची की नाही, हे कॉलेज ठरवतं. मानली तर पेल जाते, पण दुसरं दार उघडतं : पदवीधरांसाठीचं अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची बॅचलर पदवी, कमी वेळात), बारा ते अठरा महिन्यांत थेट आरएन. महाग असतं, विज्ञानाचे विषय आधी करावेच लागतात, आणि त्या काळात नोकरी जवळजवळ अशक्य. घरात दुसरा पगार भक्कम असेल तर मिस्टरांचा ‘थेट आरएन’ तो हा, आणि मग मी त्यांच्या बाजूने. म्हणून आधी पदवीचं मूल्यांकन करून घे. शंभर-दोनशे डॉलर जातील, पण कुठला फाटा घ्यायचा ते समजेल.

तुझ्या नर्सिंग होमलाही विचार. मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात. बऱ्याच ठिकाणी देतात, फक्त नंतर अमुक काळ इथेच काम करीन असं लिहून घेतात. तो कागद पूर्ण वाचून सही कर.

शाळा निवडताना ‘सहा महिन्यांत, घरबसल्या एलपीएन’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघ. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातला मोठा घोटाळा उघडकीस आला. ७,६०० हून अधिक खोटी नर्सिंग प्रमाणपत्रं विकली गेली होती, त्यांत एलपीएनचीही होती, आणि २५ जणांवर खटले झाले. विकत घेणाऱ्यांचे परवाने मग राज्याराज्यांत तपासले गेले. शाळेला नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, आणि तिथल्या मुली पहिल्या खेपेत किती टक्के पास होतात, हे बोर्डाकडे कळतं. आरएनच्या कॉलेजला राष्ट्रीय संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का, तेही बघ, नाहीतर पुढे बीएसएनला अडवतात.

मुलं सात आणि दहाची आहेत, म्हणजे ब्रिजपर्यंत धाकटा दहाचा होईल. एलपीएनला संध्याकाळचे वर्ग मिळतात, आरएनच्या क्लिनिकलला बहुतेक वेळा सकाळी सातला हॉस्पिटलमध्ये उभं राहावं लागतं. डबे आणि स्कूलबस तेव्हा मिस्टरांकडे. हे बोलणं आत्ताच करून टाका.

मी फ्रीमॉन्टला एलव्हीएन आहे. कॅलिफोर्नियात डिग्री न करता ३० युनिटांवर आरएनची परीक्षा देता येते असं ऐकलं. खरं का?
— फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

खरं आहे. (इतर वाचकांसाठी : कॅलिफोर्निया आणि टेक्सस एलपीएनलाच एलव्हीएन म्हणतात.) परवाना मिळतो, पण पदवी मिळत नाही, आणि इतर अनेक राज्यं तो परवाना मानत नाहीत. मिस्टरांची बदली सिअ‍ॅटलला किंवा डॅलसला झाली तर तू तिथे अडकशील. बीएसएनचा रस्ताही अवघड होतो. आपल्यासारख्या, एच-वनच्या नोकरीमागे राज्यं बदलणाऱ्या घरांना मी हा पर्याय सुचवणार नाही. पन्नाशी पार केलेली, कॅलिफोर्नियातच घर फेडून झालेली असशील तर गोष्ट वेगळी.

ताई, मुलीने मिरजेत जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा) केलं आहे, दोन वर्षांचा अनुभव आहे. एजंट म्हणतो, कॅनडात ओंटारिओला प्रॅक्टिकल नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा करा, मग तिथून आरएन होता येतं. फी ऐकून रात्रीची झोप उडाली आहे.
— एक आई, सांगली

काकू, पैसे भरू नका, निदान आत्ता तरी. तुमची मुलगी आजच नोंदणीकृत नर्स आहे. एजंट तिला एक पायरी खाली उतरवून, वर फी घेऊन, पुन्हा वर चढवायला निघाला आहे. ओंटारिओत तो डिप्लोमा करून ती आरपीएन, म्हणजे तिथली एलपीएन होईल. आरएनसाठी तिथे शिकणाऱ्यांना २००५ पासून पदवी लागते, म्हणजे पुढे ब्रिजची आणखी काही वर्षं आणि परदेशी विद्यार्थ्याची फी. त्याऐवजी आधी तिच्या जीएनएमची पडताळणी करून घ्या. कॅनडात प्रत्येक प्रांताची नर्सिंग संस्था वेगळी आणि नियम गेल्या काही वर्षांत बदललेले, म्हणून एजंटाचा कागद न बघता त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर मुलीलाच वाचायला लावा. पडताळणीनंतर काही विषय कमी पडतात असं निघालं तर तेवढेच भरून काढता येतात.

अमेरिकेचा विचार असेल तर जीएनएमवर कागदपत्रांची तपासणी करून एनक्लेक्स-आरएन देता येते, आणि ती मुंबईतही देता येते. ग्रीन कार्डसाठी मालकाला साध्या प्रक्रियेतून अर्ज करता येतो अशा यादीत आरएन आहे, एलपीएन नाही. हा मुद्दा एजंट कधी काढत नाहीत. मात्र भारतात जन्मलेल्यांसाठी त्या वर्गाची रांग दहा वर्षांहून लांब आहे, हेही डोळे उघडे ठेवून धरा.

कुठेही जायचं झालं तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तिची नोंदणी चालू हवी, आणि पडताळणीचा कागद कौन्सिलकडून थेट पाठवला जावा लागतो, हातात घेऊन चालत नाही. नर्सिंगच्या शाळेकडून विषयवार तासांचा उताराही (ट्रान्सक्रिप्ट) लागेल. तिथल्या मॅडम ओळखीच्या आहेत, शाळा सुरू आहे, तोवर तो मागून ठेवा.