भाषा कळत असूनही पडद्याखालची अक्षरे आपण का वाचतो?

आपण विचारले आहे की संवाद नीट ऐकू येतात, भाषाही आपलीच असते, तरी टीव्हीवर सबटायटल्स उमटली की नजर खाली का वळते आणि तिथेच का रेंगाळते. मी काही वर्षे मराठी कार्यक्रमांची सबटायटल्स लिहितो आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोजच पडतो.

नजर वळते, कारण पडद्यावर काही नवे उमटले की डोळा आपोआप तिकडे जातो. मात्र खरे कारण याच्या पुढचे आहे: ज्याला सराईतपणे वाचता येते, त्याला दिसलेला शब्द न वाचता सोडून देणे फार अवघड जाते. बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ जेरी द'इडेवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी प्रेक्षकांना अमेरिकी चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह दाखवला होता. त्यांना सबटायटल्सची सवय नव्हती आणि गरजही नव्हती, तरीही त्यांचे डोळे बराच वेळ त्या ओळींवरच होते.

आपल्याकडे याच ओढीचा फार मोलाचा उपयोग झाला आहे. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये अशी कल्पना मांडली की गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर द्यावेत. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती चित्रगीतांसाठी आणि २००२ मध्ये 'चित्रहार'मध्ये ती राबवली गेली. शब्द गायला जात असतानाच त्याचा रंग बदलत असे. गाणे पाठ असल्याने पुढचा शब्द कोणता ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, आणि म्हणून शाळा लवकर सुटलेल्या, अक्षरे जुळवताना अडखळणाऱ्या माणसालाही तो शब्द ओळखल्याचा आनंद मिळतो. माझ्या मते नजर धरून ठेवण्याचे याहून सुंदर उदाहरण नाही. वृत्तवाहिन्यांची धावती पट्टी नजर खेचते खरी, पण तिचा पडद्यावरच्या दृश्याशी बहुधा संबंध नसल्याने ती लक्ष विभागते.

संवादांच्या बाबतीत मात्र नजर टिकते की त्रासते, हे ओळ केव्हा येते आणि कुठे तुटते यावर ठरते. दोन भरलेल्या ओळींना साधारण सहा सेकंद द्यावेत, असा जुना संकेत आहे. मराठीत आणखी एक अडचण येते, ती म्हणजे नकार वाक्याच्या शेवटी असतो. न्यायालयातील एका प्रसंगात "त्या कागदावर आईने सही केली नव्हती" असे वाक्य होते. "सही केली" इथे ओळ संपवून "नव्हती" पुढच्या सबटायटलमध्ये ढकलले, तर वाचणाऱ्याला क्षणभर उलटाच अर्थ लागतो, म्हणून नियमाप्रमाणे मी पूर्ण वाक्य एकत्र ठेवले. परंतु अभिनेत्री "केली" म्हणून दोन सेकंद थांबत होती आणि मग "नव्हती" म्हणत होती. चाचणीच्या वेळी बघणाऱ्यांनी शेवट आधीच वाचून टाकला आणि तिच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिलेच नाही. तेव्हा मी वाक्य पुन्हा तोडले, "केली" पुढे तीन टिंबे दिली आणि "नव्हती" हा शब्द तिच्या ओठांबरोबर पडद्यावर आणला.