रंगाआधी दिवे ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवं घर ताब्यात आलंय, रंगारी दोन आठवड्यांनी येणार आहे. करडा रंग खरंच जुना झाला का, हॉलच्या मोठ्या भिंतीला लाइमवॉश (चुन्याचा रंग) करावा की फ्लूटेड, म्हणजे उभ्या खाचांचं पॅनल लावावं, बेडरूममध्ये कलर ड्रेंचिंग (भिंती, छत, दारं सगळं एकाच रंगात) झेपेल का आणि गोलाकार सोफा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी अठरा वर्षं घरांच्या आतली कामं करतेय, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या यादीत दिव्यांचा उल्लेखच नाही आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

सध्या जे काही चालू आहे त्याकडे एकत्र बघा. मातकट रंग, मॅट फिनिश, चुन्याच्या भिंती, खाचांची पॅनल्स, बुक्लेचं जाड गाठीगाठींचं कापड. या सगळ्यात रंगांचा विरोध कमी केलेला असतो आणि त्याची जागा पोत घेतो. पोत दिसतो तो सावलीमुळे, आणि सावली पडायची तर उजेड तिरका यावा लागतो. फोटोत खिडकी बाजूला असते, दिवे हवे तिथे ठेवलेले असतात. तीच भिंत घरी छताच्या मधोमध लावलेल्या एका पांढऱ्या पॅनल लाइटखाली सपाट आणि मळकट दिसते. मग लोक रंगाला दोष देतात.

एका जोडप्याने बेडरूमला गडद ऑलिव्ह हिरवा दिला होता, भिंती, छत, दारं, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) सगळं एकच. रंग छान निवडला होता, रंगाऱ्याचा हातही चांगला होता. पण आठ दिवसांत त्यांचा फोन आला की खोली ओल्या सिमेंटसारखी दिसतेय, पुन्हा रंगवायची आहे. मी संध्याकाळी गेले तर छतात 6500 केल्विनचे चार दिवे, पांढरेफट्ट. केल्विन हा उजेडाच्या छटेचा आकडा, कमी तितका पिवळसर, जास्त तितका निळसर पांढरा. जाताना मी 2700 केल्विनचे, 90 च्या वर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेले चार बल्ब घेऊन गेले होते. त्यातले दोनच छतात लावले, बाकी दोन पलंगाच्या दोन बाजूंच्या टेबललॅम्पमध्ये. त्या जोडप्यातली बायको कपाटाच्या दारावर हात फिरवत म्हणाली, "हाच रंग आहे हा?" तोच होता. दारावरच्या पट्ट्यांच्या कडा पहिल्यांदा दिसायला लागल्या होत्या. पुन्हा रंगवायचं काम तिथेच रद्द झालं.

म्हणून रंगारी यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बसायच्या आणि झोपायच्या खोल्यांत 2700 ते 3000 केल्विन ठेवा, स्वयंपाकाच्या ओट्यावर 4000 पर्यंत चालतं. सीआरआय 90 च्या खाली घेऊ नका; स्वस्त दिव्यात लाल छटा मरते आणि लाकूड, त्वचा दोन्ही निस्तेज दिसतात. प्रत्येक खोलीत छताशिवाय निदान दोन ठिकाणी, कमरेच्या ते खांद्याच्या उंचीवर, उजेड हवा. त्यासाठी पॉइंट आत्ताच काढून घ्या. भिंत पुन्हा रंगवता येते, पण रंगवलेली भिंत वायरसाठी फोडताना फार जिवावर येतं.

आता करड्याबद्दल. हो, मागे पडलाय. पण त्या घाईत तपकिरीवर उडी मारू नका. दरवर्षी 'वर्षाचा रंग' ठरवणाऱ्या पॅन्टोन या कंपनीने 2025 साठी मोका मूस हा तपकिरी रंग जाहीर केला होता आणि 2026 साठी क्लाउड डान्सर, म्हणजे चक्क पांढरा. बारा महिन्यांत एवढं अंतर. घराची भिंत सहा-सात वर्षं तशीच राहते, तिला या वेगाशी बांधू नका. तुमच्या खोलीत थेट ऊन येत नसेल तर आकाशाचा निळसर उजेडच जास्त असतो. त्यात निळी झाक असलेला करडा गारठलेला वाटतो, पिवळसर किंवा तांबूस झाक असलेला मात्र सुंदर दिसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर, निदान दोन फूट बाय दोन फूट, रंगाचे दोन हात द्या आणि तो पुठ्ठा दोन दिवस खोलीभर फिरवा. सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून. थेट भिंतीवर पट्टे ओढले तर जुना रंग शेजारी राहतो आणि डोळा फसतो.

कलर ड्रेंचिंग छोट्या बेडरूममध्ये नक्की करा. छत आणि भिंतीच्या मधली रेघ नाहीशी झाली की नजर कोपऱ्यात अडत नाही, खोली शांत होते. फक्त शेडकार्डावर एलआरव्ही, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, बघा: 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. 15-20 चा रंग छतालाही दिलात तर तो बहुतेक उजेड गिळतो, दिवे वाढवावे लागतात. भिंतींना मॅट, पण दारांना आणि स्कर्टिंगला त्याच रंगाचं सॅटिन, म्हणजे किंचित चमकणारं फिनिश घ्या. मॅट दारावर हँडलभोवती महिन्याभरात चकाकते डाग पडतात, ते पुसून जात नाहीत.

लाइमवॉश मला मनापासून आवडतो, म्हणूनच सावध करते. तो खरा चुना आहे, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि पृष्ठभागात मुरतो. त्याला शोषणारी भिंत लागते. बिल्डरने दिलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगावर तसाच मारला तर काही महिन्यांनी पापुद्रे निघतील. आधी खनिज प्रायमर हवाच. रंगारी ब्रशचे आडवे-तिरके हात कसे मारतो यावर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे त्याने पूर्वी केलेली भिंत प्रत्यक्ष बघून या. आणि ठिगळ लावता येत नाही: एक डाग पडला की बहुधा आख्खी भिंत पुन्हा करावी लागते. म्हणून सोफ्याच्या पाठीमागे, डोकी टेकतात तिथे नको. समोरच्या भिंतीला, खिडकीचा उजेड बाजूने येईल अशी, करा.

फ्लूटेड पॅनल मी सुचवणार नाही. खाचांत धूळ बसते, ती फडक्याने निघत नाही, मऊ ब्रशने एकेक खाच वरून खाली झाडावी लागते. हवंच असेल तर बेडसाइडच्या ड्रॉवरला लावा, हौस भागते.

झाडांबद्दलही ओझरतं विचारलंय. आवडतात म्हणून ठेवा. हवा शुद्ध करतात हे नासाच्या 1989 च्या बंद पेटीतल्या प्रयोगावरून पसरलं. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरमागे 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडा.

राहिला सोफा. गोलाकार सोफा भिंतीला टेकवला की मागे दोन रिकामे कोपरे तयार होतात, तो खोलीच्या मध्यावरच शोभतो. मागून चालायला 75 ते 90 सेंटिमीटर आणि पुढे टेबलापर्यंत 40 ते 45 सेंटिमीटर मोकळे हवेत. बुक्लेचं कापड घेणार असाल आणि घरी मांजर असेल तर त्या गाठी तिच्या नखांत अडकतात. ऑर्डर देण्याआधी मास्किंग टेपने जमिनीवर सोफ्याचा पूर्ण आकार काढा आणि दोन दिवस त्याला वळसा घालूनच ये-जा करा. कोणी ना कोणी टेपवर पाय देतंय असं दिसलं तर सरळ पाठीचा घ्या.

हॉलची लांबी-रुंदी, खिडकी कोणत्या भिंतीला आहे आणि सध्या दिव्यांचे पॉइंट कुठे आहेत तेवढं कागदावर काढून फोटो टाका. कोणती भिंत लाइमवॉशला योग्य आहे ते त्यावरून सांगते.