दर्यात गावलेली घंटा कुणाची?

प्रश्न : ताई नमस्कार, आमची देवगडला बोट आहे. गेल्या महिन्यात जाळं तळाला कशात तरी अडकलं, जोर लावून ओढलं तर काशाची लहान घंटा वर आली, कालवं चिकटलेली, त्याखाली अक्षरं असावीत असं वाटतं, आणि निळ्या नक्षीच्या दोन चिनी मातीच्या ताटल्या, त्यातली एक अर्धीच. बोट चालवणारे आमचे तांडेल काका म्हणतात, 'दर्यान दिल्यान ता आपला'. भंगारवाला घंटा किलोवर मागतोय, ताटल्यांना मुंबईचा एकजण रोख द्यायला तयार आहे. विकू का? आणि त्या जागी डायव्हर उतरवून बघू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : दादा, विकू नका आणि डायव्हर तर अजिबात उतरवू नका. काकांचं म्हणणं मासळीपुरतं खरं आहे, पण बुडालेल्या जहाजाचा माल गावला म्हणून आपला होत नाही. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याने रीत घालून दिली ती अशी की असा माल सरकारने नेमलेल्या रिसिव्हर नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचा, मूळ मालकाला दावा करायला एक वर्षाची मुदत. आता 2025 मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा पास केलाय. शिवाय वस्तू 100 वर्षांहून जुनी निघाली तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो, लायसनशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर पाठवणं तर गुन्हाच, त्यामुळे तो रोख देणारा उद्या अडकला तर तुमचंही नाव येणार.

आता तुम्ही म्हणाल, मग जीव धोक्यात घालून माल वाचवणाऱ्याला काहीच नाही का? आहे ना, त्यालाच सॅल्व्हेज म्हणतात. जहाज संकटात आहे, तुम्ही कुणी न सांगता आपणहून मदत केलीत आणि काहीतरी वाचलं, तर मालकाकडून मोबदला मिळतो. वाचलं नाही तर पैसे नाहीत. पण दोनशे-तीनशे वर्षं वाळूत गाडलेलं जहाज संकटात कुठे आहे? वाळूखाली हवा पोचत नाही म्हणून लाकूड टिकतं, लोखंडाचं गंजणं मंदावतं. त्याला धोका सुरू होतो तो आपण ओढायला लागल्यावर.

माझ्या आजोळी अंगणात असाच जाळ्यात आलेला तोफेचा गोळा होता, मामाने हौसेने धुऊन काळा ऑइलपेंट मारला, तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्याचे पापुद्रे सुटायला लागले, खाली तांबूस पाणी ओघळायचं आणि शेवटी तो तडकला. लोखंडात मुरलेलं मीठ बाहेर काढायला लॅबमध्ये कधी कधी वर्षं लागतात हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून सांगते, घंटेला चिंच लावून घासू नका, कालवं खरवडू नका. घंटा आणि ताटल्या समुद्राच्याच पाण्यात टबात बुडवून झाकून ठेवा. त्या घंटेवर जहाजाचं नाव असू शकतं, घासलंत तर तेच जाईल.

आणि वस्तूपेक्षा जागा मोठी असते हो. गोव्याजवळ सुंची रीफला एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) लोकांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले, तोफा, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी भांडी. हे सगळं एकाच ठिकाणी मिळालं म्हणून आफ्रिका आणि चीनचा माल एका जहाजात होता हे कळलं. तेच दात कुणी सुटे सुटे विकले असते तर काय कळणार होतं?

परदेशात तर मोठमोठ्या कंपन्यांनाही हे महागात पडलंय. 1804 मध्ये बुडालेल्या मर्सिडीज या स्पॅनिश युद्धनौकेवरची जवळपास 5 लाख 94 हजार नाणी ओडिसी नावाच्या अमेरिकन कंपनीने 2007 मध्ये वर काढली, स्पेन कोर्टात गेलं आणि 2012 मध्ये सगळी परत द्यावी लागली.

तर तुम्ही एवढं करा, जाळं अडकलं तिथलं जीपीएस लिहून ठेवा (व्हॉट्सअॅपवर फिरवू नका), बंदर कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या आणि रत्नागिरीच्या राज्य पुरातत्त्व ऑफिसलाही कॉपी पाठवा. वाचवल्याच्या मोबदल्याची मागणी त्याच अर्जात लिहा, मिळेलच असं नाही, पण लाजू नका, आणि जाळं फाटलं असेल तर त्याचाही फोटो जोडा.

प्रश्न : माझे आजोबा रामदास बोटीत गेले. ती बोट जुनी म्हणून संरक्षित आहे का?
– एक वाचक, रेवस

उत्तर : 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. पाण्याखालच्या वारशासाठी युनेस्कोचा 2001 चा करार आहे, त्यात 100 वर्षं पाण्याखाली हवीत, म्हणजे रामदासला 2047 उजाडेल, आणि भारताने तो करार अजून स्वीकारलेलाही नाही. पण त्याच करारात माणसांच्या अवशेषांचा मान राखा असं स्पष्ट लिहिलंय, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी तरी रामदासच्या बाबतीत 2047 ची वाट बघायला नको. तुमच्या घरी आजोबांचं एखादं पत्र, फोटो असेल तर स्कॅन करून ठेवा, आणि त्या दिवशी ते कशासाठी निघाले होते ते घरातल्या जुन्या माणसाकडून लिहून घ्या.