जिथे वक्र फिरकतच नाही, तिथला अक्ष

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. हायपरबोलाच्या धड्यात दोन अक्ष दिलेत, ट्रान्सव्हर्स आणि कॉन्ज्युगेट. पहिल्याची लांबी २अ, दुसऱ्याची २ब. पहिल्यावर वक्राचे दोन शिरोबिंदू आहेत, ते दिसतं. दुसऱ्याला वक्र शिवतसुद्धा नाही, मग त्याची टोकं ठरवली कुणी? क्लासचे सर म्हणाले, "सूत्र पाठ कर आणि पुढे चल." माझं गणित बी. कॉम.पुरतं. या 'ब'चा उपयोग काय, तेही सांगावं.
— एक पालक, मिरज

उत्तर : मुलीला आधी शाबासकी द्या. वर्गात शिकवत असताना मी या शंकेची वाटच पाहायचे, कारण ती विचारणाऱ्याला आकृती खरोखर दिसलेली असते.

क्ष²/१६ − य²/९ = १ हा अपास्त, म्हणजेच हायपरबोला, घ्या. अ = ४, ब = ३. क्षच्या जागी शून्य ठेवलं की य² = −९ येतं, म्हणजे उभ्या अक्षावर वक्राचा एकही बिंदू नाही. तरी पुस्तक सांगतं की कॉन्ज्युगेट अक्ष (०, ३) पासून (०, −३) पर्यंत. यावर ठरलेलं उत्तर असं की ते बिंदू 'कॉन्ज्युगेट हायपरबोला'चे, म्हणजे य²/९ − क्ष²/१६ = १ या दुसऱ्या वक्राचे शिरोबिंदू आहेत. चूक नाही. पण आमचं घर कुठे विचारलं तर शेजाऱ्यांचं दार दाखवावं, तसलं हे उत्तर.

'ब' याच वक्राचा आहे, आणि तो आलेखाच्या कागदावर मोजता येतो. मुलीला कंपासपेटी घेऊन बसवा. केंद्रातून जाणाऱ्या दोन तिरप्या रेषा काढायला सांगा, य = ३क्ष/४ आणि य = −३क्ष/४. या अपास्ताच्या अनंतस्पर्शी रेषा, पोरं ज्यांना अ‍ॅसिम्प्टोट म्हणतात त्या. क्ष = २० असताना रेषा १५ उंचीवर असते आणि वक्र १४.७ च्या आसपास; क्ष = ४० ला रेषा ३० वर, वक्र २९.८५ वर. अंतर घटत जातं, पण भेट होत नाही.

आता उजव्या शिरोबिंदूतून, (४, ०) मधून, उभी स्पर्शिका काढा. दोन तिरप्या रेषांमध्ये तिचा जो तुकडा सापडतो, तो मोजा. वर ३, खाली ३, एकूण ६. हाच २ब. कॉन्ज्युगेट अक्ष म्हणजे हाच तुकडा सरकवून केंद्रावर आणलेला. ग्रीक गणिती अपोलोनियसने शांकवांवरच्या (शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांवरच्या) ग्रंथाच्या दुसऱ्या भागातलं पहिलंच प्रमेय या तुकड्यावर मांडलंय, फक्त उलट्या दिशेने: आधी स्पर्शिकेवर दोन्हीकडे ठरावीक लांबी घ्यायची, मग तिची टोकं केंद्राला जोडायची आणि त्या रेषा वक्राला कधीच भेटत नाहीत हे सिद्ध करायचं. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमाराची गोष्ट. समीकरणं तेव्हा नव्हतीच.

याहून मला आवडतं ते दुसरं मोजमाप. नाभी, म्हणजे फोकस, (५, ०) वर आहे, कारण १६ + ९ = २५. गुण्या लावून नाभीतून अनंतस्पर्शी रेषेवर लंब टाका. लांबी भरेल बरोबर ३. कुठलाही अपास्त घ्या, नाभीपासून अनंतस्पर्शी रेषेचं लंबांतर नेहमी ब असतं. उपयोग इथूनच सुरू होतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीतून 'ओमुआमुआ' सापडला. सूर्यमालेबाहेरून आलेला, आपल्याला दिसलेला हा पहिला पाहुणा. त्याची कक्षा अपास्त, नाभीवर सूर्य, विकेंद्रता (एक्सेंट्रिसिटी, म्हणजे केंद्र ते नाभी अंतर भागिले अ) सुमारे १.२. लांब असताना तो जवळपास सरळ रेषेत, अनंतस्पर्शी रेषेवरूनच येत होता. सूर्याने ओढलंच नसतं तर तो तसाच सरळ निघून गेला असता. मग सूर्यापासून किती अंतरावरून? उत्तर : ब. गणित केलं तर ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.८५ पट येतं. प्रत्यक्षात सूर्याने वाट वाकवली आणि तो ०.२५ पर्यंत, बुधाच्याही आत, जाऊन आला. म्हणजे वक्र जिथे फिरकत नाही तिथे मोजलेली ही लांबी त्या पाहुण्याचा मूळ नेम सांगते.

दोन वर्षांनी आलेल्या बोरिसोव्ह धूमकेतूची विकेंद्रता सुमारे ३.३६. त्याचा अ ०.८५ आणि ब २.७ च्या घरात. इथे मुलीला एक ताकीद द्या: लंबवर्तुळात अ मोठा, ब लहान अशी सवय लागलेली असते, ती इथे चालत नाही. विकेंद्रता √२ च्या पुढे गेली की ब मोठा होतो.

बारावीला हीच लांबी पुन्हा भेटेल. रदरफोर्डच्या प्रयोगात सोन्याच्या अणुकेंद्राकडे जाणारा अल्फा कण ढकलला जाऊन अपास्तावरून वळतो, आणि फिजिक्सचे लोक ज्याला 'इम्पॅक्ट पॅरामीटर' म्हणतात तो त्या अपास्ताचा ब. फिजिक्सच्या पुस्तकात अक्षरही बहुधा तेच असतं. गणिताचे आणि फिजिक्सचे सर एकमेकांशी बोलले असते तर पोरांचं निम्मं पाठांतर वाचलं असतं, पण ते असो.

प्रश्न : बॉइलच्या नियमाचा आलेखही हायपरबोलाच ना? मग त्याचा कॉन्ज्युगेट अक्ष कुठे गेला?
— बारावीचा विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : जागेवरच आहे, फक्त तिरका. दाब × आकारमान = स्थिरांक या आलेखात कागदावरचे आडवा आणि उभा अक्ष याच अनंतस्पर्शी रेषा. त्या काटकोनात असल्याने अ = ब. ट्रान्सव्हर्स अक्ष ४५ अंशांवर चढतो, कॉन्ज्युगेट त्याला काटकोनात, केंद्रातून. क्ष × य = ८ घेतलंस तर दोन्हींची लांबी ८. कॉन्ज्युगेटचं एक टोक ऋण दाबात पडतं आणि दुसरं ऋण आकारमानात, त्यामुळे वायूच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. आलेखाचं प्रमाण बदललंस तर लांबीही बदलेल. परीक्षेत विचारलं तर काढ, प्रयोगवहीत लिहू नकोस.