बॉल पायथनच्या (पाळतात त्या छोट्या आफ्रिकी अजगराच्या) पेटीत अंथरायला सुतारकामाचा भुसा चालतो का?

नाही चालत. मित्राच्या कारखान्यातून भुसा फुकट मिळतोय, वास छान येतो, त्यात किडा लागत नाही, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. हीच तीन वाक्यं मी आमच्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहेत की वर्तमानपत्र बरं की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायला मला जरा वेळ लागेल.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. नाशिकच्या अंबडला त्याचा पॅकिंगची खोकी आणि पॅलेट बनवायचा कारखाना आहे. लाकूड बहुतेक पाइनचं, अधूनमधून देवदार. बॉल पायथन त्यानेच हौसेने घेतला होता आणि पेटीत रंध्याच्या ढलप्यांचा जाड थर घातला होता. दिसायला सुंदर दिसायचं, हे मान्य. झाकण उघडलं की देवघरात गेल्यासारखा वास यायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, दादा, हा वास तुला क्षणभर येतो, त्या जनावराला चोवीस तास त्यातच श्वास घ्यायचाय. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: "लाकडातलं मला शिकवू नकोस."

पुढे वहिनीच्या बाळंतपणात पेटी माझ्याकडे गंगापूर रोडला आली. पहिल्याच रात्री दिवे मालवल्यावर पेटीतून बारीक शिटीसारखा आवाज ऐकू आला. सकाळी पाहिलं तर साप मान वर करून बसलेला, तोंड किंचित उघडं, ओठांच्या कडेला चिकट तार. सापाला आपल्यासारखं छातीखालचं श्वासपटल नसतं, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. आत साचलेलं साचतच जातं. सरपटणारे प्राणी तपासणारे डॉक्टर पुण्यात मिळाले. त्यांनी पेटीचे फोटो पाहिले आणि औषधाच्या आधी एकच सांगितलं: त्या ढलप्या आजच्या आज बाहेर काढा आणि पांढरा टिश्यू पेपर अंथरा. मग इंजेक्शनं सुरू झाली. सापाला इंजेक्शन पुढच्या अर्ध्या अंगात देतात, ते मी शिकले आणि घरी दिलं. साप वाचला. दादाने तो परत मागितला नाही, मीही दिला नाही.

लाकडाचं म्हणाल तर देवदार हा खरा सीडरच (तेलकट, सुगंधी लाकडाचं झाड) आहे. त्याच्या तेलाला कीड घाबरते, म्हणून आपल्याकडे कपड्यांच्या पेट्यांना ते लाकूड वापरतात. दादा हाच गुण सांगत बसायचा. पण बंद, उबदार पेटीत तेच तेल हवेत उडत राहतं आणि श्वासनलिकेला जाळतं. पाइनमध्ये तेल कमी असलं तरी राळ असतेच. त्यात कारखान्याचा भुसा म्हणजे प्लायचा चुरा, फेविकॉल, वाळवीचं औषध मारलेल्या फळ्या, सगळं एकत्र झाडून भरलेलं पोतं. परदेशात अॅस्पेन नावाच्या झाडाच्या ढलप्या खास सापांसाठी विकतात, त्यात असलं तेल नसतं. कॉर्न स्नेक नावाच्या पाळीव सापाला त्या उत्तम, कारण त्याला कोरडं आवडतं. बॉल पायथनला दमट लागतं आणि ओला झालेला अॅस्पेन बुरशी धरतो.

आता तुमचा खरा प्रश्न. मी कोकोपीटच्या बाजूने आहे. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवसा बिळात पडून राहणारा. त्याला साधारण ५५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, कात टाकायच्या वेळी थोडी जास्तच. नाशिकला एप्रिल-मेमध्ये हवा कोरडीठाक असते. तेव्हा वर्तमानपत्रावर ठेवलेल्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला आणि डोळ्यांवर अडकून राहते. डोळ्यांवरची ओढून काढू नका. पेटीत ओल्या मॉसचा (शेवाळाचा) झाकणवाला डबा ठेवा आणि पुढच्या कातीची वाट पाहा.

कोकोपीट नाशिकला मिळणं अवघड नाही, द्राक्षांच्या आणि भाज्यांच्या रोपवाटिका वापरतातच. पाच किलोची वीट पाण्यात फुगून साठ-सत्तर लिटरच्या घरात जाते, एका सापाला खूप दिवस पुरते. फक्त घेताना तोंडाने विचारा: साधं आहे की मिक्स? तयार मिक्समध्ये निंबोळी पेंड, गांडूळखत, परलाइट असतं. ते नको. माझ्या सख्ख्या भावाचं दिंडोरीकडे ढोबळी मिरचीचं पॉलीहाऊस आहे. त्याने एकदा काढून टाकलेलं कोकोपीट गोणी भरून देऊ केलं, तेही मी घेतलं नाही, कारण त्यातून हंगामभर खतं आणि औषधं गेलेली असतात. कोरी वीट घ्या आणि दोन-तीन पाण्यांनी धुवा, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. मग मुठीत घट्ट पिळा. गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. दोन-अडीच इंचांचा थर पुरे. नुसतं बारीक कोकोपीट सुकलं की धूळ उडते, म्हणून मी निम्मे काथ्याचे मोठे तुकडे मिसळते. पाणी वरून फवारण्यापेक्षा कोपऱ्यात ओतावं, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा कोरडा राहतो. पोट सतत ओल्यावर राहिलं तर खवले सडतात. जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा पाणी घालावंच लागत नाही, पण आर्द्रता मोजायचं यंत्र पेटीत हवंच. अंदाजावर जाऊ नका.

वर्तमानपत्राची मी शत्रू नाही. नवीन आणलेला साप पहिले महिना-दोन महिने कागदावरच ठेवावा. अंगावरच्या बारीक काळ्या माइट (रक्त पिणारे किडे) कागदावर लगेच दिसतात, विष्ठाही नीट पाहता येते. आजारी साप असेल तरीही कागदच. वाळू मात्र कुणी कितीही सांगू दे, नको. गोदावरीची असो की पाकिटात भरलेली रंगीत असो. खाणं चिमट्याने द्या, म्हणजे काथ्या तोंडात जाणार नाही.

दादा अजूनही म्हणतो की साप भुशाने नाही, डिसेंबरच्या थंडीने आजारी पडला. न्याय म्हणून हेही लिहिते: त्याच्याकडे हीटिंग मॅटला (पेटी गरम ठेवणाऱ्या चटईला) तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नव्हता आणि निफाडच्या बाजूला हिवाळ्यात पारा किती उतरतो ते आपल्याला ठाऊक आहे. गार पेटीत श्वासाचा आजार होतोच, त्यामुळे एकटा भुसाच कारण होता असं शपथेवर सांगता येणार नाही. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश नसेल तर जगातलं सगळ्यात चांगलं कोकोपीटही कामाचं नाही. पण डॉक्टरांनी आधी ढलप्याच काढायला लावल्या, हे दादाने एकदा तरी मान्य करावं.

आणखी एक. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. केली नसेल तर अंथरुणाआधी ते बघा. आणि हे वाचून कुणाला धामण किंवा आपला अजगर पेटीत ठेवायची इच्छा झाली असेल तर तो सरळ गुन्हा आहे.

मित्राचा भुसा नाकारायला संकोच वाटत असेल तर पोतं घ्या आणि परस्पर कचऱ्यात द्या. त्यातली मूठभरही पेटीत टाकू नका, कोकोपीटमध्ये मिसळूनसुद्धा नाही.