नववीतली मुलगी इंग्लंडच्या शाळेत

प्रश्न: यजमानांची बदली लेस्टरला झाली आहे. मुलगी नाशिकला नववीत आहे, जूनमध्ये 14 वर्षं पूर्ण झाली. तिला कोणत्या वर्गात घेतील? डोनेशन किती पडतं?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, डोनेशनची चिंता सोडा. सरकारी शाळा मोफत असते. वर्ग वयावरून ठरतो, गुणांवरून नाही. 1 सप्टेंबरपूर्वी 14 पूर्ण, म्हणजे इयर टेन.

मी इथल्या माध्यमिक शाळेत गणित शिकवते, म्हणून कळकळीने सांगते: शक्यतो सप्टेंबरच्या सुरुवातीलाच या. जीसीएसईचा, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचा, दोन वर्षांचा अभ्यास बहुधा तेव्हाच सुरू होतो. इंग्रजी, गणित, विज्ञान सगळ्यांनाच. इतिहास, भूगोल, संगणक वगैरेंतून बाकीचे निवडायचे. उशिरा आलेल्या मुलींना हव्या त्या विषयात जागा उरलेली नसते, आणि ते बघून फार वाईट वाटतं. घर भाड्याने घेण्याआधी जवळच्या शाळांत जागा आहे का, हे कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, जरूर विचारा.

निकालात टक्के नसतात. 9 ते 1 अशी श्रेणी, 9 सर्वांत वरची. गणित आणि इंग्रजीत निदान 4 हवीच, नाहीतर सोळाव्या वर्षानंतरही ते विषय शिकत राहावे लागतात. गणिताच्या तीन पेपरांपैकी दोनांत कॅल्क्युलेटर चालतो. आपल्या मुलींना त्याची सवय नसते; आतापासून हाताळू द्या. पायऱ्या लिहिण्याची नाशिकची शिस्त मात्र मोडू देऊ नका, इथे पायऱ्यांनाही गुण असतात.

पुढे ए लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्याला, साधारण तीनच विषय. मेडिकलचा विचार असेल तर रसायनशास्त्र सोडू नका.